पंचावन्नच्या घरात कोणीच नाही

महाराजांच्या दालनात मुंगी शिरावयास जागा नव्हती. फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘वीस रुग्ण. साखरेत सरासरी घट पंचावन्न.’ फळ्याखालील खुर्चीत माझे साडू विराजमान होते.

“मी म्हणत नाही, आकडा म्हणतो!” महाराज पाण्याचा पेला उंचावून गरजले. “हे पाणी प्या, सुया फेका. अहो, साखर काय वाण्याकडून येते? मनातला कडवटपणा काढा, रक्तातला गोडवा आपोआप उतरतो!”

टाळ्यांचा कडकडाट झाला.

“बघा आमचे भावोजी!” माझी पत्नी कुजबुजली. “महाराजांची रुग्णांच्या नोंदींची वही त्यांच्या हातात. नाहीतर तुम्ही! जन्मभर विटाच रचा.”

मी गवंडी, त्याच दालनाची भिंत बांधीत होतो. साडूंची ती खुर्ची माझ्या काळजात काट्याप्रमाणे सलत असे. त्याहून भयंकर बाब अशी, की पत्नीने आठ दिवसांपासून इन्सुलिन बंद केले होते. तिच्या घशाला सारखी कोरड पडे, पायऱ्या चढताना डोळ्यांपुढे अंधारी येई.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यातील परिचारिकाबाईंना भरल्या सभेत घेऊन आलो. त्यांनी वही मागितली.

“घ्या की, लपवायचंय काय?” साडू ऐटीत म्हणाले.

“वहिनी, या नव्या भिंतीच्या कडेने दर रुग्णामागे एक वीट ठेवा,” बाई माझ्या पत्नीला म्हणाल्या. “साखर शून्य ते वीसने उतरली त्यांचा ढीग इथे. वीस ते चाळीसवाल्यांचा त्याच्या उजवीकडे. असंच पुढे.”

मी आकडे वाचीत गेलो, पत्नी विटा ठेवीत गेली. पहिल्याच ढिगात चौदा झाल्या. दुसऱ्यात तीन. त्यापुढे लांबवर मोकळी जमीन. आणि पार टोकाला, दोनशे ऐंशी ते तीनशेच्या घरात, उरलेल्या तीन. अशा रचनेस पुस्तकात आयतालेख म्हणतात, हे मला त्या दिवशी कळले.

“सरासरी पंचावन्न ना? मग पंचावन्नच्या घरात कोण आहे?” बाईंनी विचारले.

“कुणीच नाही!” पत्नी म्हणाली.

“टोकाचे तिघे सरासरीला आपल्याकडे ओढतात. वीस जणांना क्रमाने उभं करा. मधला माणूस पहिल्याच ढिगात सापडतो. एवढी साखर तर रोजही वरखाली होते.”

“त्या तिघांवर तरी कृपा झालीच ना?” महाराज कडाडले.

गर्दीतून एक शिंपी उठला. “त्यांतला एक मी, महाराज. पण हे पाणी घ्यायला लागलो त्याच महिन्यात माझी इन्सुलिनची सुई सुरू झाली. आम्हा तिघांचीही. मी या वहीवाल्या साहेबांना सांगितलं होतं.”

“ते... लिहायचं राहिलं,” साडू घाम पुसू लागले.

महाराजांना एकाएकी ध्यानाची वेळ झाल्याचे आठवले.

पत्नी तडक बाईंबरोबर दवाखान्यात गेली व तिने सुई घेतली. “काय हुशार बाई!” असे ती दिवसभर म्हणत राहिली, तेव्हा मला पुन्हा थोडे टोचलेच.

वाचकहो, मी मत्सरापोटीही ही खोट काढावयास निघालो होतो, हे कबूल करतो. परंतु माझ्या मनात काहीही असो, चौदा विटा चौदाच राहतात. तस्मात् कोणी सरासरी दाखवून चमत्कार सांगू लागला, तर हात जोडण्यापूर्वी एवढे विचारा : मधला माणूस कोठे उभा आहे, आणि टोकाच्या माणसाने आणखी कोणते औषध घेतले?