आगारीच्या आधीचा घास

भागाबाई माणसं कानांवरून ओळखायची. समोर कोणी येऊन उभं राहिलं की तोंडाच्या जागी तिला धुराचा गोळा दिसे. भोवतीची टोपी, कान, खांदे मात्र जागच्या जागी असत. मान वळवून तिरकं पाहिलं की थोडं जास्त कळे. म्हणून परक्या माणसाला वाटायचं, ही बाई तोंड फिरवून बोलते, फार गर्वाची दिसते. गावच्या लोकांना हे ठाऊक होतं. कोणी मुद्दाम समोर उभा राहून म्हणे, "भागाआक्का, वळख पाहू, मी कोन शे?" ती मान तिरपी करून म्हणे, "सुपडाएवढा कान बठ्ठा गावमा एकलाच शे. बस, झुलालभाऊ."

गाव चोपड्याच्या खालच्या अंगाला, केळीच्या बागांच्या मध्ये. नवरा भिकन वारून बरीच वर्षं झाली होती आणि साखरेचा आजार तिच्या अंगात त्याच्याही आधीपासून होता. आधी गोळ्या होत्या, मग रोजची सुई आली. सुईला ती भ्यायली नाही. केळीच्या चिकानं अन् कपाशीच्या बोंडांनी ज्या हातांची कातडी राठ केली, त्यांना सुईचं काय? पण एके सकाळी भाकर थापताना तिला चुलीवर कोळिष्टक दिसलं. तिनं केरसुणीनं झटकलं. ते पुन्हा दिसलं, मग छतावर दिसलं, मग अंगणात उन्हातही. कोळिष्टक डोळ्यातच होतं.

तिला वाटलं, मोतीबिंदू असेल. धुळ्याला डोळ्यांचं शिबिर होतं, तिथं गेली. बरोबरच्या बाया डोळ्यांवर हिरव्या पट्ट्या लावून ओळीनं पडल्या आणि हिला मात्र डॉक्टरांनी परत पाठवलं. मोतीबिंदू नव्हता. साखरेनं आतला पडदाच खाल्ला होता. पुढं जळगावला एका डॉक्टरांनी डोळ्यात हिरव्या विजा सोडाव्यात तसं यंत्र चालवलं, दोनदा. उठताना तिनं विचारलं, "आता दिसेल ना, साहेब?"

"गेलेलं परत येणार नाही, आजी. राहिलंय ते राखायचं. साखर सांभाळा, सुई चुकवू नका. दर काही महिन्यांनी दाखवायला या."

ती पायऱ्या उतरता उतरता मुलाला म्हणाली, "समजनं माले. पुरमा गयेली माती येस नही. राहिनी तिले बांध घालना."

मुलगा पंडित भुसावळला रेल्वेत होता, रुळांच्या देखभालीवर. मनानं चांगला, पण त्याच्या डोक्यात एकदा एक गोष्ट बसली की ती हलत नसे. त्यानं आईला क्वार्टरमध्ये नेलं. सून लताबाई भली होती. तिनं सासूला खाटेवर बसवलं, हातात ताट दिलं, चुलीजवळ येऊ दिलं नाही. दोन महिने भागाबाई हात मांडीवर ठेवून बसली. त्या घरात कोणतीच वस्तू तिच्या हाताला ओळखत नव्हती. गावच्या घरात मिठाचं गाडगं कुठं, उंबरा किती उंच, कोनाडा कुठल्या हाताला, हे तिचे हात-पाय जाणत होते. तिथं तिला निम्मं दिसलं तरी पुरत होतं. ती हट्टानं परत आली.

गावात तिला रोज सकाळी सुई द्यायला शाळेतल्या मास्तरांची बायको येई. पौष सरता सरता मास्तरांची बदली झाली. पंडितला कळलं, तसा तो आला आणि ओट्यावर बसला.

"माय, आते कसं? सुई कोन दी तुले?"

"मी लिसू मनी सुई."

"सुईवरना आकडा दिखतस का तुले?"

तिनं सुई उजेडाकडं धरून तिरकं पाहिलं. काचेच्या त्या नळीवरच्या रेघा तिला मुंगीच्या पायांएवढ्याही दिसत नव्हत्या.

"थोडी जास्त गई ते जीव जाई," पंडित म्हणाला. "आखाजीले येस मी. तवलोंग तुले जमनं ते जमनं. नहीते गठुडं बांधी ठेव. मंग मी ऐकाव नही."

"ठरनं," भागाबाई म्हणाली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया; तिला अजून तीन महिने होते.

आता खानदेशातली कपाशी कशी लावतात ते ज्यानं पाहिलंय, त्याला पुढचं नवल वाटणार नाही. वावरात दोरी ताणतात, दोरीला सारख्या अंतरानं चिंध्या बांधलेल्या असतात, आणि चिंधी आली की बी टाकायचं. दोन झाडांतलं अंतर कोणी डोळ्यानं मोजत नाही. दोरी सांगेल तसं बाई वाकते. भागाबाईचा जन्म त्या दोरीमागं वाकण्यात गेला होता. दोन दिवस ती सुईची नळी हातात घेऊन बसली. दांडा ओढायची, ढकलायची, बोट फिरवायची. मग उठून पसाऱ्यातून तुरीची एक वाळकी काडी घेतली आणि एस.टी.नं चोपडं गाठलं.

तिथं दवाखान्यात मोतीलाल कंपाउंडर होता. भागाबाईनं त्याच्यापुढं सुई ठेवली.

"मोतीलालभाऊ, माझा रोजचा डोस भर यात. भरून झाला की हात हलवू नको."

त्यानं भरला. तिनं बोटांनी चाचपलं. दांड्याचा गोंडा आणि नळीची कड यांच्यामध्ये जेवढी जागा उरली होती, तिथं तिनं काडी टेकवली, नखानं खूण केली आणि कातरीनं काडी तोडली. मग फरशीवर घासून घासून ती त्या जागेत नेमकी बसेपर्यंत लहान केली. अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा राहिला.

"आता हा डोस सोडून दे. मी भरते. तू बघ."

तिनं बाटली दोन तळव्यांमध्ये कणकेचं वळवट वळावं तशी हळू घोळवली, उलटी धरली, सुई टोचली. दोन-तीनदा आत-बाहेर करून हवा घालवली. मग दांडा ओढत ओढत काडी बसेल तिथं थांबली. मोतीलालनं नळी उजेडात धरली.

"आक्का, रेघेवर आहे बरं!"

"एकदा जमलं म्हणजे जमलं नाही. पुन्हा भरते."

मोतीलाल हसला. "एवढी खातरजमा तर आमचे डॉक्टरही करत नाहीत." पण त्यानंही तिला पुन्हा पुन्हा भरायला लावलं, आणि पुढं दर बाजाराला ती गेली की आधी सुई भरायला लावायचा. एकदा नळीत बुडबुडा राहिला तर ओरडला. तसा बुडबुडा तिनं पुन्हा राहू दिला नाही. त्यानं आणखी एक सांगितलं होतं. "सुई घेतली की अर्ध्या तासात खायचं. घाम सुटला, हात थरथरले, तर जे गोड हाती लागेल ते तोंडात टाकायचं. तेव्हा पथ्य बघायचं नाही." म्हणून तिनं लुगड्याच्या पदराला खडीसाखरेची गाठ मारून ठेवली. बाटली ओल्या वाळूच्या मडक्यात, काडी कोनाड्यात, गाठ पदरात. असा तिचा बंदोबस्त झाला, पंडितलाही तिनं काडीचं निरोपानं कळवलं, आणि चैत्र सरला.

आखाजी आली. निंबाला झोके बांधले गेले, पोरी गाऊ लागल्या, बाप्ये पारावर पत्ते घेऊन बसले. घरोघरी पितरांच्या नावानं घागर भरून ठेवली. भागाबाईनंही भिकनच्या नावाची घागर भरली, वर आंबा आणि डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. पहाटे न्हाऊन तिनं पेटीतलं धुतलेलं लुगडं नेसलं. पुरण शिजवलं, आंब्याचा रस काढला. शेजारची जाऊ द्रौपदाबाई वयानं आणि मानानं मोठी. ती खापरावर पोळ्या टाकायला मदतीला आली. तिच्या घरची आगारी सूर्य उगवतानाच झाली होती. आगारी म्हणजे पितरांचा घास. चुलीतल्या निखाऱ्यावर तूप-पोळी ठेवायची, धूर वर गेला की पितर जेवले. त्याच्या आधी घरातल्या कोणी तोंडात पाणीही घ्यायचं नाही. आणि आगारी टाकायची ती मुलानं.

पंडित पहाटेच्या गाडीनं येणार होता. भागाबाईनं रोजच्या वेळेला काडी लावली, सुई भरली, मांडीत घेतली. मनात म्हणाली, आता येईलच, आला की आगारी, मग जेवण.

पहाटेची एस.टी. आली नाही. दुसरी आली, तिच्यात पंडित नव्हता.

"सणना दिन ड्रायव्हरबी पत्ता खेयाले बसना व्हई," द्रौपदाबाई म्हणाली. "ताट भरी ठेव. मी जरा घर जाई येस."

ऊन ओट्यावरून खाली उतरलं. भागाबाई चुलीपुढं निखारे राखत बसली होती. निखाऱ्याच्या धगीनं घाम येतोय असं तिला वाटलं. मग घाम थंड लागला. हात उचलला तर बोटं पिंपळाच्या पानासारखी हलत होती. कडेकडेनं जे काही दिसायचं तेही आत सरकू लागलं, एका घागरीच्या दोन दिसू लागल्या.

तिला कळलं. हात पदराकडं गेला. पदराला गाठ नव्हती. गाठ कालच्या लुगड्याला होती, आणि ते लुगडं परसातल्या दोरीवर वाळत होतं.

परसापर्यंत पाय नेणार नाहीत हे तिनं एकदा उठून पाहिलं आणि खाली बसली. हाताशी होतं ते एकच ताट, भिकनचं. पुरणाची पोळी, रस, तूप. साठ वर्षांत आगारीच्या आधी तिनं घास मोडला नव्हता. बाळंतीण होती तेव्हासुद्धा नाही. पारावरच्या पत्त्यांचा आवाज येत होता, पण हाक मारायला घशात जोर नव्हता. तिला एकदा वाटलं, जरा धीर धरू, येईल आता पंडित. आणि लगेच वाटलं, तो येईल आणि मी इथं आडवी पडलेली असेन. मग गठुडं तोच बांधेल.

तिनं रसाची वाटी दोन्ही हातांनी धरली आणि तोंडाला लावली. निम्मा रस हनुवटीवरून धुतल्या लुगड्यावर गेला. मग तिनं पोळी मोडली.

"अवं भागा!" दारातून द्रौपदाबाई किंचाळली. "हाई काय करं तू? पितरसना ताटमा हात घाला?"

भागाबाईनं घास गिळला, मग दुसरा घेतला. तिसरा गिळल्यावर बोलली.

"बाई, तो जित्ता व्हता तवय कधी माले भुकी ठेवं नही त्यानी. आते मरीसन ठेवी का?"

द्रौपदाबाई जुन्या वळणाची. पण पांढरीफटक पडलेली जाऊ तिला दिसली. तिनं पुढं होऊन तिला भिंतीला टेकवलं आणि स्वतःच्या पदरानं तिचं तोंड पुसलं. "मरशी ना एक दिन," असं पुटपुटत रसाची दुसरी वाटी भरली.

पंडित पोहोचला तेव्हा दोघी तशाच बसलेल्या होत्या. अमळनेरकडून येणाऱ्या ट्रकला हात करून तो कसाबसा आला होता. त्यानं मोडलेलं ताट पाहिलं, आईचे घामानं ओले केस पाहिले, आणि पिशवी खाली ठेवली.

"माय, व्हयनं ना शेवट? काडी चुकनी तुनी. चाल आते."

"काडी चुकनी?" भागाबाईचा आवाज अजून बारीक होता, पण सरळ होता. "कोनाडामातीन काढ ती. सुई भर. तुना डोया धड शेत, डोयावरी भर. मंग काडी लाईसन देख."

पंडितनं कोनाड्यातून काडी काढली. त्यानं हात धुतले, सुई भरली, दाराच्या उजेडात धरून रेघ पाहिली, आणि तुरीची काडी मध्ये टेकवली. काडी बसली. त्यानं नखानं हलवून पाहिली. हलली नाही. मग पुन्हा भरून पाहिली. रोज रुळांमधलं अंतर लोखंडी मापानं तपासणारा माणूस तो. नजरेला सरळ दिसणारा रूळ किती खोटा असतो हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक?

"काडी बराबर शे," तो हळू म्हणाला.

"चूक काडीनी नही, मनी शे," भागाबाई म्हणाली. "सुई लिधी आन तुनी वाट पाहत बसनू. आते ऐक. पुढला साल दिन उगताच आगारी व्हई. तू उना ते तू टाक, नही उना ते मी टाकसू. पितरसले भूक लागनी ते त्या थांबतीन. सुई थांबस नही."

"बाईमाणूस टाकस का आगारी?" द्रौपदाबाईनं विचारलं.

"निखारासले काय दिखस, कोन टाकस ते?"

यावर द्रौपदाबाईला हसू आलं आणि ते दाबायला ती कणीक मळायला उठली. पुरण उरलेलं होतं. भागाबाई भिंत धरून उठली, चुलीपाशी बसली, आणि हातांवर पोळी मोठी करू लागली. खापरावरची पोळी कधी उलटायची ते जाऊ बघत होती. नव्या ताटानं पंडितनं बापाला आगारी दिली. धूर सरळ वर गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं पंडित निघणार होता. गठुड्याचा विषय त्यानं काढला नाही, तिनंही काढला नाही. "जळगावले दाखाडानी तारीख माले कळाड, मी स्टँडवर येस," एवढंच तो म्हणाला. मग त्यानं दोरीवरची आणि पेटीतली तिची सगळी लुगडी खाली काढली, डब्यातली खडीसाखर घेतली, आणि मांडी घालून एकेका पदराला गाठ मारू लागला. रुळांचे बोल्ट आवळणारे हात ते. भागाबाईनं मान तिरपी करून पाहिलं. तिला त्याचे कान दिसले, खांदे दिसले. तिनं एक गाठ चाचपली.

"ढिली बांध रे," ती म्हणाली. "दात लावताच सुटाले पाहिजे."