तळमजल्याचे पत्ते

टेबलावर माझ्या नवऱ्याचं नाव होतं ‘तळमजला’. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला दुसरं सुचणार तरी काय! माझं नाव ‘गोगलगाय’. ती मी आहे हे त्याला माहीत नव्हतं.

टेबल म्हणजे फोनमधलं, पोकरचं. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात, मधे सगळ्यांसाठी पाच उघडे पडतात. आपल्याकडे भारी पत्ते असले, किंवा तसं समोरच्याला भासवायचं असलं, की पैसे लावायचे. पैसे तरी कसले, संध्याकाळभर हरलं तरी एका चहाचे जातील. मला काळजी पैशांची नव्हतीच.

माझी बाळंतपणाची रजा संपत आली होती. सोमवारपासून मी दुपारच्या वेळी कामावर, आणि लेक दुपारभर त्याच्याजवळ. तिला आम्ही ठिणगी म्हणतो, एकदा पेटली की विझत नाही म्हणून. त्याची पाळी सकाळची, दुपारी तो घरीच असतो. “मी आहे ना,” तो म्हणाला. मला ‘मी आहे ना’ पुरत नाही. पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासणं हे माझं काम. चूक सापडेपर्यंत मला चैन पडत नाही, आणि सापडलीच नाही तर त्याहून पडत नाही. हा फोनवर खेळत असताना ही रडली, तर उठेल का हा? विचारलं असतं तर ‘उठेन की’ म्हणाला असता. म्हणून विचारलंच नाही. खेळात त्याचं नाव शोधलं आणि जाऊन त्याच्याच टेबलावर बसले.

तो बाहेरच्या खोलीत सोफ्यावर, मी स्वयंपाकघरात, फोन डब्याला टेकवून. टेबलावरच्या बाकीच्यांना मी त्यांच्या नावापुढे धावणाऱ्या घड्याळावरून ओळखायला शिकले. ‘निवृत्त वाघ’ चांगले पत्ते आले की उगाच रेंगाळायचा. ‘मुकी मैना’ थाप मारायची असली की झटकन पैसे लावायची, खोटं बोलताना पोरं घाई करतात तशी. तळमजल्यासाठी मात्र मला घड्याळ लागत नव्हतं. दारातून त्याचे पाय दिसायचे. एरवी पायाचा अंगठा सारखा हलत असतो त्याचा. पत्ते चांगले आले की थांबायचा. अंगठा थांबला की मी पत्ते टाकून द्यायची, हलता असला की थाप मारून त्याला पळवून लावायची.

“एक गोगलगाय आहे,” तो जेवताना सांगायचा. “बया माझ्या मनातलं वाचते गं!”

“असेल कुणीतरी रिकामटेकडी,” मी म्हणायची आणि ताटात बघायची.

बघता बघता मला एक गोष्ट ‘सापडली’. आतल्या खोलीत ठिणगीचा आवाज आला की तो कधी उठायचा, कधी नाही. उठला की वेळ संपून त्याचे पत्ते आपोआप बाद व्हायचे. नाही उठला की बऱ्याचदा तो डाव तोच जिंकायचा. मी सरळ निष्कर्ष काढला आणि माझ्या ताईला फोनवर सांगूनही टाकला: “पत्ते वाईट आले की याला बाप व्हायचं सुचतं.”

ताई पोट धरून हसली. मग म्हणाली, “पण हे हसण्यावारी नेऊ नकोस. दुपारी माझ्याकडे राहू दे तिला. सवय व्हावी म्हणून शनिवारीच येऊन घेऊन जाते.”

“त्याला काय सांगू?”

“माझा हट्ट म्हणून सांग. नाहीतरी तो मला जेलरच समजतो.”

मला ते किती सोयीचं वाटलं! शनिवारी संध्याकाळी मी ठिणगीचे कपडे, दुपटी, बाटल्या पिशवीत भरल्या, पिशवी दारामागे ठेवली आणि ताईची वाट बघत डाव मांडून बसले.

त्या डावात माझ्याकडे सत्ती आणि चव्वी. मधे राजा, नव्वी, अठ्ठी, तिर्री, दुर्री. म्हणजे माझ्या हातात शून्य. मी दारातून पाहिलं. अंगठा थांबलेला. पत्ते टाकायचे, माझा नियम ठरलेला होता. तेवढ्यात आत ठिणगीने टाहो फोडला.

आई असून मी उठले नाही. पत्ते चांगले आहेत, म्हणजे हा उठणार नाही; आत्ता कळेल, असं वाटलं मला. ताईला सांगायला डोळ्यांसमोरचा पुरावा होईल. मी होतं नव्हतं ते सगळं लावलं आणि लेकीचं रडणं ऐकत त्याच्या पायांकडे बघत राहिले.

पाय उठले. फोन सोफ्यावर टाकून तो आत गेला.

म्हणजे पत्ते वाईटच असणार, अंगठा काहीही म्हणो! मी लगबगीने बाहेर आले. त्याचा फोन उताणा पडला होता. वेळ सरत होता, आणि ‘तळमजला’ या नावाखाली दोन पत्ते होते. बदामचा राजा, किलवरचा राजा. मधला धरून तीन राजे. त्या डावात त्याच्या वरचढ कुणाकडे काही असणंच शक्य नव्हतं. बघता बघता दोन्ही राजे बाद झाले. स्वयंपाकघरातून माझ्या फोनवर नाण्यांचा खळखळाट ऐकू आला.

त्याने टाकून दिलेले पत्ते मी कधी पाहिलेच नव्हते. बाद झालेले पत्ते उघडत नाहीत. न वाचलेल्या पानांवर मी ‘तपासले’ असा शेरा मारून मोकळी झाले होते.

तो ठिणगीला खांद्यावर थोपटत बाहेर आला. “गेला ना डाव?”

“तुझ्याकडे तीन राजे होते.”

“हो ना! आणि गोगलगाय थापा मारत होती, पैज लावतो.”

“मग एक बोट टेकवून पैसे लावून का नाही गेलास?”

“अगं, रडत होती ती.”

“काल नाही उठलास.”

“काल कुरकुरत होती. तेव्हा उचललं तर उलट झोप मोडते तिची. खरं रडणं असलं ना, की आधी श्वास कोंडतो. जरा वेळ एकदम गप्प होते. ऐकलं नाहीस कधी?”

नव्हतं ऐकलं. त्या वेळी मी अंगठा बघत असायची.

बेल वाजली. ताई आत आली ती बोलतच. “काय रे जुगाऱ्या, हरलास की नाही आज? पिशवी भरलीस ना गं?”

“कसली पिशवी?” त्याने विचारलं.

“म्हणजे? सांगितलं नाहीस त्याला?”

ताईच्या हट्टाची थाप तोंडाशी आली होती. दोघंही माझ्याकडे बघत होते. “ताई, नको नेऊस,” मी म्हणाले. “ठिणगी इथेच राहील.”

“अगं, तूच तर म्हणालीस, पत्ते वाईट आले की...” ताईने जीभ चावली, पण उशिरा.

“आले की काय?”

मी स्वयंपाकघरातून फोन आणला आणि त्याच्या हातात दिला. वरचं नाव त्याने वाचलं. मग मी सगळं सांगितलं; ताईला काय म्हणाले ते, अंगठ्याचं, आणि मघाशी ती रडत असताना मी का उठले नाही तेही. ताई उभ्यानेच ओढणीचं टोक पिळत राहिली. शेवटी “येते मी” म्हणून ती निघून गेली.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फोन परत दिला. मी पिशवी उपसायला बसले.

“दुपटी खालच्या कप्प्यात ठेव,” तो म्हणाला. “सोमवारी मला सापडायला हवीत.”

मग तो सोफ्यावर बसला, ठिणगीला छातीशी धरलं, आणि दोन्ही पाय वर घेऊन चादरीखाली झाकले.