अर्धा चौक

शिरगावात लग्न ठरलं की आधी बनूबाईला निरोप जायचा, मग भटाला. ती धवलारीण. मांडवात धवळे तिनं म्हणायचे, तांदळाच्या पिठाचा चौक तिनं काढायचा, आणि चौक पुरा झाल्याशिवाय नवरीनं पाटावर बसायचं नाही. तिची धाकटी जाऊ पुतळाबाई वीस वर्षं तिच्यामागे पिठाची परात धरून उभी होती. आवाज हिचा बरा, मान मात्र तिला. त्या वीस वर्षांत पुतळाबाईचा जीव पार आंबून गेला होता.

अशात होळीपासून बनूबाईचं काहीतरी बिघडलं. तांब्या घ्यायला जाई आणि मूठ वीतभर अलीकडेच मिटे. ताटात भाकरी असून 'भाकर कंय हाय?' म्हणून विचारी. सोंगं नुसती, पुतळाबाई मनात म्हणे. म्हातारीला लाड हवेत.

तरी तीच तिला उल्हासनगरला कॅम्पातल्या डोळ्यांच्या सिंधी डॉक्टरकडे घेऊन गेली. त्यानं बॅटरी मारून पाहिली, लांबच्या छपरावरचा कावळा ओळखायला लावला. बनूबाईनं ओळखला. मग पुतळाबाईला बाजूला घेऊन तो म्हणाला, "आँखें साफ हैं. इनका दिमाग थक रहा है, देखा हुआ समझ में नहीं आता. अकेला मत छोड़ना."

गावात येऊन पुतळाबाईनं त्यातलं पहिलं वाक्य तेवढं सांगितलं. पुढचं गिळलं. गावही असलं दीडशहाणं, की डोळे धड असून बाई धडपडते म्हणजे ताडीच, असं ठरवून मोकळं झालं. धवलारणीला मांडवात घोटभर द्यायची रीतच होती ना! या लोकांना गुंडाळायला काही लागत नाही, पुतळाबाईला वाटलं. मेंढरं बरी.

चांगोच्या लेकीच्या, चंद्रीच्या लग्नात भर दुपारी बनूबाई पिठाची मूठ घेऊन बसली आणि हळूच म्हणाली, "पुतले, मना चौक जुलत नाय गो. माजा हात धर. कोनाला कलनार नाय."

पुतळाबाईनं ऐकलं. परात तिच्यापुढे सरकवली आणि चार पावलं मागं जाऊन उभी राहिली.

बनूबाईनं चौक काढला. रेघा सगळ्या उजवीकडे, एकीवर एक. डावी बाजू कोरी. आणि ती खुशाल म्हणाली, "झाला."

"अर्धा चौक!" वरमाय उठूनच उभी राहिली. "माज्या पोराचा संसार अर्धा करता काय?"

"नाचता येईना अंगण वाकडं," पुतळाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "रातची उतरली नाय अजून."

मांडव खो खो हसला. चांगोनं म्हातारीला दंडाला धरून उठवलं. मांडवाच्या खांबाची सावली जमिनीवर पडली होती, तिच्यापाशी बनूबाई थबकली आणि खड्डा ओलांडावा तसा पाय गुडघ्यापर्यंत उचलून पलीकडे गेली. लोक आणखीच हसले. पुतळाबाई हसली नाही. तिला घाई होती.

तिनं चौक पुसला, नवा मांडला, चारी बाजू चोख. चंद्री पाटावर बसली. पुतळाबाईनं घसा खाकरून पहिला धवळा उचलला. वीस वर्षं याचसाठी तर काढली होती.

आवाज ऐकताच बनूबाई वळली. चांगोचा हात झटकून, दोन्ही हात पुढे धरून ती सरळ आवाजाकडे चालत आली. खाली काय आहे ते तिला उमगलंच नाही. नव्या चौकावरून ती पाय घासत आली आणि तिनं पुतळाबाईचा पदर मुठीत धरला.

"ही माजी पुतली," ती हसून म्हणाली. "कवाची शोधतंय तुना. मना घरी ने गो. हितं समदी परकी मानसं हायत."

चौकाचं पीठ तिच्या तळव्यांना लागलं होतं. वरमाय कपाळ बडवत होती.

"किती प्यायली ही!" चांगो ओरडला आणि सगळा मांडव पुतळाबाईकडे बघू लागला.

म्हातारीचं तोंड तिच्या तोंडाशी होतं. वास कसलाच नव्हता.

"लई प्यायलीय," पुतळाबाई म्हणाली, आणि पदरातली तिची बोटं एकेक करून सोडवू लागली.