खांबांवरची तोंडं

सभामंडप झाडताना वासंतीला फरशीवर पुन्हा चिमूटभर दगडाची भुकटी दिसली आणि तिचे हात थांबले. तिने वर पाहिलं. शिरड शहापूरच्या अलीकडे, वस्तीवरच्या त्या जुन्या महादेवाच्या देवळात खांबांच्या माथ्यावर माणसांची तोंडं कोरलेली होती. कुणी गाल फुगवलेलं, कुणी जीभ काढलेलं, कुणी दात विचकणारं. भुकटी पडत होती ती गाल फुगवलेल्याच्या मानेतून.

तिचे यजमान बंडोपंत तिथले पुजारी. तिने दोनतीनदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले, की यादवांच्या काळापासून बसलेला दगड नेमका आताच कशाला पडेल? शिवरात्र होऊ दे, मग पुरातत्त्व खात्याला कळवू. पण शिवरात्र उद्यावर आली होती, आणि बायका भजनाला त्याच खांबाखाली बसायच्या.

शिवरात्रीला तिने त्या खांबाखाली पाण्याचं पिंप ठेवलं, बाकं आडवी लावली. बायका कुरकुरल्या. तिने एकेकीला हाताला धरून समोरच्या खांबापाशी नेलं. म्हाताऱ्या सोजराबाईंना तर पाठ टेकता यावी म्हणून अगदी खांबाला लावून बसवलं.

भजन रंगात आलं. वासंतीची नजर गाल फुगवलेल्यावरून हलत नव्हती. तेवढ्यात तिच्या मागे काहीतरी जड आदळलं. समोरच्या खांबावरचं जीभ काढलेलं तोंड सुटून खाली आलं होतं आणि सोजराबाईंचा पाय त्याच्याखाली होता.

हिंगोलीच्या दवाखान्यात कळलं, घोटा मोडलाय. वासंती दाराशीच घुटमळत राहिली. शेवटी सोजराबाईंनीच हाक मारली.

"ये ना माय आत. काहून रडून राहिली?"

"मीच बसवलं तुम्हाला तिथं."

"व्हय, तूच बसवलं. टाळ निसटला म्हणून मी फुडं वाकले व्हते. न्हाईतर दगड डोस्क्यातच बसला असता."

त्यांनी वासंतीचा हात धरून ठेवला.

खात्याच्या माणसांनी परांची बांधली, देऊळ बंद केलं. आता आरती बाहेर ओट्यावर होते. तिथे डोक्यावर नुसतं आभाळ असतं, तरी एखादी बाई कुठं बसू म्हणून विचारते, तेव्हा वासंती जागा दाखवत नाही, सतरंजी तिच्याच हातात देते.