माशांचं पाणी

सगुणाबाईंनी तांब्या संध्याच्या नाकाला लागेल इतका पुढे केला.

“घे वास! माशांचा न्हाई तर कशाचाय?”

संध्याच्या एका हातात कंगवा होता, केस अर्धे मोकळे. शाळेची वेळ झाली होती. जिना चढून आलेल्या घरमालकीणबाई धापा टाकत होत्या, पण तोंड काही थांबत नव्हतं.

“देव्हाऱ्यावर टपकून राह्यलं हे पाणी सकाळपासून! गेल्या मंगळवारी सगळे देव पंचामृतानं धुतले म्या. आता रोज धुत बसू का? तुम्हा लोकांना देवाधर्माचं काय सोयरसुतक!”

‘तुम्हा लोकांना.’ हे शब्द अलीकडे फार स्वस्त झाले होते. बदनापुरात स्टेशनजवळची ही वरची खोली देताना सगुणाबाईंच्या नवऱ्यानं, अप्पारावांनी, फक्त आडनाव विचारलं होतं. जाधव म्हटल्यावर त्यांनी खुशाल आपल्यातलीच समजून किल्ली हातावर ठेवली. आठवड्यानं सगुणाबाई चहापत्ती मागायला वर आल्या, कोनाड्यातली बुद्धमूर्ती पाहिली आणि चहापत्ती न घेताच खाली गेल्या. तेव्हापासून संध्याच्या चपला जिन्यात अडचण करू लागल्या, तिच्या कुकरची शिट्टी बाईंच्या डोक्यात जाऊ लागली. मग गेल्या मंगळवारी खाली देव्हाऱ्यावर पाणी टपकलं आणि बाईंना हवं ते आयतंच सापडलं: संध्याची माशांची काचेची पेटी.

पहिल्या पगारातून घेतली होती ती. त्यात दोन सोनेरी मासे. एक सडसडीत आणि एक ढेरपोट्या. ढेरपोट्याचं नाव शाळेतल्या पोरांनी ‘पोलीस पाटील’ ठेवलेलं.

संध्यानं त्याच दिवशी पेटीच्या कडेनं चारी बाजूंना कोरडी रांगोळी ओढली. तासाभरानं पाहिलं, तर मागच्या कोपऱ्यात बोटभर रांगोळी ओली झालेली. झालं! पेटी गळते, चूक आपलीच, असं तिनं खाली जाऊन कबूल केलं. वर चार शब्द ऐकूनही घेतले. मासे बादलीत काढले, पेटी रिकामी केली, काचांच्या सांध्यांतलं जुनं सिलिकॉन ब्लेडनं खरवडून आतून नवं भरलं. दोन दिवसांत ते वाळलंसुद्धा. पण पेटी पुन्हा भरायला पाणी कुठलं? नळ आठ दिवसांनी यायचा. आणि सगुणाबाईंनी बजावलं होतं, पुन्हा एक थेंब जरी पडला तर खोली खाली करायची. बदनापुरात एकट्या बाईनं, तेही आडनावानंतर येणारा जातीचा प्रश्न चुकवत, दुसरी खोली शोधायची म्हणजे!

“पडला का न्हाई थेंब?” सगुणाबाई म्हणाल्या. “महिनाअखेर सामान उचल.”

संध्यानं कंगवा ठेवला. तांब्या घेतला, वास घेतला. पुन्हा एकदा घेतला.

“काकू, ह्याला ब्लीचिंगचा वास येतोय.”

“मंग?”

“नळ आला का आज?”

“पहाटेच आल्ता. टाकी भरली. त्याचा इथं काय संबंध? विषय बदलू नको!”

“नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवून वास उडाल्याशिवाय मी माशांना घालतच नाही. हे घातलं, तर पोलीस पाटील दुपारपर्यंत उताणा पडेल.” तिनं पेटीच्या तळावरून बोट फिरवलं आणि धुळीनं माखलेलं बोट बाईंपुढे धरलं. “आठ दिवस ही कोरडी आहे. गेल्या मंगळवारीही नळच आला होता. टाकी भरली की तुमचा भिंतीतला पाइप गळतो. माझ्या पेटीतून एका जागी नुसती ओल येत होती, तीही बंद केली. देवांवर पडलं ते पाणी तुमचं आहे.”

सगुणाबाईंनी तांब्या हिसकावला आणि स्वतःच्या नाकाशी नेला. वास त्यांनी आत्ता पहिल्यांदाच घेतला, हे त्यांच्या तोंडावर दिसलं.

तेवढ्यात खालून अप्पारावांनी हाक दिली.

“अगं, पाइपच्या जोडातून पाणी येऊन राह्यलं! जल्दी वरचा कॉक बंद कर!”

बाई गॅलरीतला कॉक बंद करून खाली गेल्या. संध्या गॅलरीत आली. अंगणात सगुणाबाई तुळशीपाशी उभ्या होत्या. त्यांनी तांब्यातलं पाणी सावकाश तुळशीला घातलं, हात जोडले. मग वर पाहिलं.

“ऱ्हाय मंग. आमचं काही म्हणणं न्हाई.”

संध्याला आधी हसू आलं, आणि त्या हसण्यातूनच असा संताप उसळला की कठडा घट्ट धरावा लागला. पाणी तेच, तांब्या तोच. जिन्याच्या पंधरा पायऱ्या उतरेपर्यंत त्याचा विटाळ गेला होता.

“महिनाअखेर म्हणालात ना काकू? तेच राहू द्या.”

“अगं, म्हणलं न्हाई का, ऱ्हाय म्हणून!”

“ऐकलं मी.”

ती आत आली. पेटी न भरता तिनं ती गोधडीत गुंडाळून सुतळीनं बांधली. शाळेच्या वाटेवर ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशी पाटी होती; नंबर तिनं चार दिवसांपूर्वीच, भीतीपोटी, टिपून ठेवला होता. तो तिनं लावला.

“हॅलो, खोलीसाठी फोन केला. संध्या जाधव, शिक्षिका. एकटीच राहते. बौद्ध आहे. सोबत दोन मासे आहेत. चालत असेल तरच बघायला येते.”