डावीकडे कललेली हत्तीण

या, असे थोडे पुढे सरका. मागे भिंतीला टेकून बसलात तर ही गोष्ट तुमच्यापर्यंत पोचायची नाही, कारण ती मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. गोष्ट एका गाडीची आहे. तीही सगळ्या गाडीची नव्हे, तिच्या डाव्या बाजूची. चित्त तेवढं इकडे असू द्या.

शहराच्या कडेला एक निवृत्त इंजिनिअर राहत होते. जन्मभर पूल बांधले म्हणून सगळे त्यांना पूलवालेच म्हणत. देवाने त्यांना साधी राहणी दिली होती, पण नोकरी संपल्यावर त्यांनी एकच चैन केली. डोंगर चढणारी, चिखल तुडवणारी, नदीच्या पात्रातून पलीकडे जाणारी एक भलीमोठी गाडी घेतली. आत बघावं तर दिवाणखाना, बाहेरून बघावं तर रणगाडा. बायकोने तिचं नाव ठेवलं हत्तीण. आणि बायकोला ते म्हणत सरकार. थट्टेत पडलेलं नाव, पण घरात शेवटचा शब्द बायकोचाच असल्यामुळे ते चिकटलं.

हत्तिणीच्या चाकांवर लोखंडी स्प्रिंगा नव्हत्या, जाड रबराचे हवेने भरलेले फुगे होते. सरकार अंगाने भरलेल्या. दाराची कडी धरून, "देवा रे" म्हणत डावीकडे चढून बसल्या, की गाडी त्या बाजूला बोटभर खाली जायची.

"बघा, मुजरा करते मला," सरकार म्हणायच्या. "तुम्ही कधी केलात?"

"तुमचं वजन माझ्या एकाही पुलाच्या हिशेबात धरलेलं नव्हतं."

"म्हणूनच उभे आहेत अजून. मी जपून चालते त्यांच्यावरून."

ह्यापुढेही काही व्हायचं, सरकार आणखी काही बोलायच्या. पण माणूस गेलं की आठवणसुद्धा अर्धीमुर्धीच हाताला लागते. पूलवाल्यांच्या हाताला एवढीच लागली.

सरकार गेल्या. लेक लांब, परमुलखात. घरात एका माणसाचा चहा, एका माणसाची चप्पल, आणि दाराशी हत्तीण. अशाच एका सकाळी पूलवाले कप घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभे राहिले आणि बघतच राहिले. हत्तीण डावीकडे चांगली वीतभर कलली होती, अगदी त्या जागेवर कुणी येऊन बसावं तशी.

"सरकार, बसलात एवढ्यात?" त्यांच्या तोंडून निघून गेलं. "मी चहा तरी घेतो."

आता हा माणूस काही भोळा नव्हता. परक्याच्या घरी गेला तरी भिंतीवरची वाकडी तसबीर सरळ करून येणारा. खिशात पातळी तपासायची लहानशी पाणसळ बाळगणारा. पुढच्या डाव्या फुग्याला चीर गेली आहे, उभ्या गाडीची हवा हळूहळू निघून जाते, हे त्यांना कप खाली ठेवायच्या आत कळलं होतं. त्यांनी त्याच दिवशी नवा फुगा मागवलाही. खोकं आलं. ते कपाटाच्या वरच्या फळीवर गेलं आणि तिथेच राहिलं.

तेव्हापासून रोज सकाळी गाडी कललेली, आणि रोज पूलवाले खिडकीतून म्हणत, "आलो, आलो." बाकी हत्तिणीचं सगळं वेळच्या वेळी होई. तेल बदललेलं, हवेची जाळी झटकलेली, दारांच्या बिजागऱ्यांना वंगण, चाकांच्या खाचांत अडकलेले खडे काडीने काढलेले. तेवढ्या एका फुग्याला मात्र हात नाही.

किल्ली फिरवली की बॉनेटखाली कॉम्प्रेसर घुरघुरू लागे, फुग्यात हवा भरे आणि गाडी सावकाश सरळ होई. तो क्षण पूलवाल्यांना नकोसा होता. त्यांना वाटे, सरकार उतरल्या. रिकाम्या गाडीने ते टेकडीच्या पायथ्यापर्यंत जात. दोघं जात तेव्हा वरपर्यंत जात असत. आता पायथ्याशीच वळून घरी येत.

लेकीचा फोन येई.

"बाबा, तुम्ही गाडीशी बोलता म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच. परवा मी फोनवर असताना. मला थांब म्हणालात आणि तिला 'नीट बसा' म्हणालात."

"लाइनमध्ये गडबड असेल."

"विकून टाका ना ती. एकट्याला काय करायची एवढी?"

ह्यावर ते हवापाण्याचं बोलत.

रविवारी सकाळी उस्तादांच्या गॅरेजवर अशा गाड्यांचे मालक जमत. उस्ताद म्हणजे पोट सुटलेला, हसरा, कानामागे पेन्सिल खोचलेला मिस्त्री. मालकांनी स्वतः हात काळे करावेत, अडलं तरच आपल्याला हाक मारावी, असा त्यांचा रिवाज. एक दातांच्या डॉक्टरीणबाई आपल्या गाडीखाली आडव्या पडून चिखल खरवडत असत, आणि तिथूनच बोलत.

"पूलवाले, तुमची गाडी लंगडते हो."

"वय झालं तिचं."

"माझ्याकडे येणारे सगळे हेच सांगतात. दुखतोय तो दात तेवढा दाखवत नाहीत."

उस्ताद साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन वाकले. फुग्यावर फवारा मारला आणि चिरेतून बुडबुडे आले, लहान मुलाच्या ओठांवर येतात तसे.

"हे बघा, इथून जाते."

"माहीत आहे."

उस्तादांनी मान वर केली. "माहीत आहे म्हणजे? दाराच्या कुरकुरीला इथे तासन् तास कान लावून बसता, आणि हे माहीत आहे?"

"असू दे तेवढं."

"असू दे काय? गळती भरून काढता काढता कॉम्प्रेसरचा जीव निघालाय. तो गेला की गाडी बसेल ती उठायची नाही. आणि नेमकी वाटेत बसेल."

पूलवाल्यांनी फडकं घेतलं आणि स्वच्छ असलेला आरसा पुन्हा पुसला. गाडी हवी तर फुगा बदलायला हवा, हे त्यांना कळत नव्हतं का? पण फुगा बदलला की उद्या सकाळी खिडकीतून काय बघायचं? सरळ उभी असलेली, रिकामी गाडी. उस्तादांना हे कसं सांगायचं? उस्तादांनी बाटली जागेवर ठेवून दिली.

व्हायचं ते झालं. टेकडीच्या पायथ्याशी गाडी बंद करून ते थोडा वेळ दगडावर बसले होते. परतायला किल्ली फिरवली तर कॉम्प्रेसर एकदा खडखडला, जळक्या रबराचा वास आला, आणि मग काही नाही. हत्तीण पुढच्या डाव्या चाकावर टेकली. उस्तादांना फोन करून पूलवाले पुन्हा दगडावर येऊन बसले. ऊन वाढत होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

समोरून त्यांनी प्रथमच तिच्याकडे इतका वेळ पाहिलं. कुणी आत बसल्यासारखं आता वाटत नव्हतं. पडून राहिल्यासारखं वाटत होतं. शेवटच्या दुखण्यात सरकार अशाच डाव्या कुशीवर असत आणि म्हणत, "अहो, उचला ना मला जरा." आणि पूलवाले उशी सारून, दोन्ही हात घालून त्यांना उचलत.

उस्ताद आले तेव्हा पूलवाले उभे राहिले. "माझ्या कपाटात फुगा आहे. नवा."

"कधीचा?"

"आहे कधीचा तरी."

उस्तादांनी पुढे विचारलं नाही. देव त्यांचं भलं करो.

हत्तीण ओढून गॅरेजवर आणली, घरून खोकं आणलं, आणि काम पूलवाल्यांनी स्वतः केलं. उस्ताद नुसते पाने हातात देत होते. जॅक लावला, चाक उतरवलं, जुना फुगा सोडवला. तो हातात आला तेव्हा वाळक्या सालीसारखा हलका होता. नवा बसवला, नळी जोडली, कॉम्प्रेसरही दुसरा घातला. साबणाचं पाणी मारलं, एक बुडबुडा आला नाही. पूलवाल्यांनी बॉनेटवर पाणसळ ठेवली. तिच्यातला हवेचा थेंबभर बुडबुडा मधोमध येऊन उभा राहिला. जन्मभर ह्याच गोष्टीचा त्यांना आनंद वाटला होता. आज त्यांनी पाणसळ लगेच खिशात घातली.

"चक्कर मारून बघा," उस्ताद म्हणाले.

"तुम्ही बसा बाजूला."

उस्तादांनी तेलकट विजार झटकली, सीटवर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि दाराची कडी धरून पोट सांभाळत चढले. हत्तीण डावीकडे बोटभर खाली गेली. पूलवाल्यांनी किल्ली फिरवली. कॉम्प्रेसर घुरघुरला, आणि उस्ताद त्यांच्या पोटासकट, वर्तमानपत्रासकट, अलगद वर आले.

"घ्या," उस्ताद म्हणाले, "उचललं हिने मला."

पूलवाल्यांचा हात गिअरवर तसाच राहिला. विसरलेलं ते हेच. मुजरा झाला की गाडी सरकारांना अशी वर घ्यायची, आणि सरकार पदर सावरून म्हणायच्या, "हं, घेतलं हिने मला. आता चला." इतके दिवस गाडी सरळ व्हायची तेव्हा त्यांना वाटत होतं सरकार उतरल्या. ते उतरणं नव्हतंच. तो निघायचा हुकूम होता.

"उस्ताद, एकदा उतरून परत बसता?"

"गळतोय का कुठे?"

"नाही. गळत नाही."

उस्तादांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. खाली उतरले, दार लावलं, दार उघडलं आणि पुन्हा बसले, ह्या वेळी जरा जोर देऊनच. हत्तीण वाकली आणि उठली.

"वरपर्यंत येता?"

"दुकान उघडं आहे माझं. तुम्ही जाऊन या."

मग पूलवाले एकटेच गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून गाडी सरळच दिसणार होती, हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते सोपं जाणार नव्हतं. बाजूच्या सीटवर तेलकट वर्तमानपत्र तसंच होतं. सरकार असत्या तर त्यावरून बोलणी बसली असती. पायथ्याच्या वळणाशी त्यांनी गाडी जराशी हळू केली.

"चला, सरकार," ते म्हणाले, आणि गाडी चढाला घातली.

गोष्ट एवढीच. तुमच्याकडे मागणंही एकच आहे. उद्या कधी गाडीत बसाल, कुणी शेजारी येऊन टेकेल, गाडी जराशी वाकेल, तेव्हा ह्या सरकारांची आठवण काढा. त्यांची आठवण वाहणारा माणूस एकटा आहे, आणि पूल कितीही भक्कम असला तरी एका खांबावर किती भार घालायचा? थोडा तुम्ही घ्या.