शिक्रापूरचे चिरंजीव

साखरबाईंना मुलगा एकच, सत्यजीत. पण त्यांच्या फोनमधल्या 'सोबती'ला तो एकात मावेना, त्याला त्या तरी काय करणार?

सोबती म्हणजे बोलून कामं करणारा मदतनीस. अर्ज भरायचा, निरोप धाडायचा, सांगितलेलं सगळं ध्यानात ठेवायचा. ठिबकच्या अनुदानाच्या वेळी साखरबाईंनी त्याला सांगितलं होतं, पोरगा घरीच असतो, दिवसभर रानात राबतो. हे खरंच होतं. तळेगाव ढमढेऱ्यात सत्यजीतच्या भेंडीला नाव होतं. पुढं स्थळं बघायची वेळ आली. शेती करणाऱ्याला हल्ली कुणी पोरगी देत नाही, मग दारात ट्रॅक्टर असो की विहिरीला बारमाही पाणी. नकारावर नकार आले, तेव्हा साखरबाईंनी सोबतीला सांगितलं, पोरगा कंपनीत पर्मनंट आहे, शिक्रापूरला खोली घेऊन राहतो. पोराचं भलं होणार असेल तर आईची जीभ खोटं बोलताना अडखळत नाही.

माणसानं दोन उलटसुलट गोष्टी सांगितल्या की आपण एक खोटी धरतो. सोबती पडला भाबडा. त्यानं दोन्ही खऱ्या धरल्या. एकच माणूस एकाच वेळी भेंडीत आणि कंपनीत असेल कसा? तेव्हा या बाईंना मुलगेच दोन, असं त्यानं ठरवून टाकलं. दोघांचं नाव एकच ठेवायची त्या घरची रीत असेल, त्यात आपण कशाला पडा. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण दौंडकडच्या पोपटरावांना दोन मुली उजवायच्या आहेत हे त्याला कळलं आणि त्यानं दोन्ही बायोडाटे तिकडं धाडून दिले.

रविवारी पोपटराव तेजश्री आणि माया या दोघी लेकींना घेऊन घर बघायला आले. पोहे झाले, चहा झाला. एकाच मांडवात दोन्ही कार्यं उरकू, असं म्हणत त्यांनी विचारलं की दुसरे जावईबापू कुठं आहेत? साखरबाईंना वाटलं, पाहुण्यांना ऊन लागलं.

मग पोपटरावांनी फोन काढून दोन्ही बायोडाटे दाखवले. फोटो एकच होता. ते म्हणाले, आम्ही जुळे धरून चाललो होतो. सत्यजीत दाराशी मान खाली घालून उभा राहिला. तेवढ्यात साखरबाईंच्या फोनमधून सोबती आदबीनं बोलला, "नोंदी जुळत नाहीत. मुलगा एकच असेल, तर कोणता ठेवू?"

साखरबाईंनी पोराकडं पाहिलं. दोन वर्षं आल्यागेल्यापुढं त्या त्याला झाकत आल्या होत्या आणि तो आत बसून ऐकत आला होता. आता खरं बोललं तर हेही स्थळ जाणार, हे त्यांना दिसत होतं. पण त्याची ती खाली घातलेली मान त्यांना बघवेना.

"शेतकरी ठेव," त्या म्हणाल्या. "त्यो कंपनीतला काढून टाक."

मग पोपटरावांची तोफ सुटली. आम्ही काय मूर्ख आहोत का, इथपासून सुरू करून त्यांनी तासभर सगळ्यांची बिनपाण्यानं केली आणि चपला शोधू लागले. तेवढ्यात अंगणात भावकी जमली. पुढं डोक्याची टोपी काढलेले भावकीतले थोरले आण्णा, मागं पदराआड पिठलं-भाकरी घेतलेल्या बायका. काढून टाकणं सोबतीला मुळी ठाऊकच नव्हतं. जो काल होता आणि आज नाही, त्याचं दुसरं काय होणार? त्यानं सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांना कळवलं होतं: साखरबाईंचे शिक्रापूरचे चिरंजीव सत्यजीत आपल्यात राहिले नाहीत.

साखरबाईंना मुलगा एकच, हे भावकीला का ठाऊक नव्हतं? पण मयताचा निरोप आला की आधी जावं, शहानिशा मागाहून करावी. सत्यजीतनंच सगळ्यांना पाणी दिलं. दुखवट्याच्या घरातून भाकरीचा घास मोडल्याशिवाय उठता येत नाही, म्हणून पोपटरावही चपला सोडून परत बसले. मायाला तर रडावं की नाही हेच कळेना. म्हटलं तर तिचा होणारा नवराच गेला होता.

"लई गुणी होतं पोरगं," शेजारची धुरपदा डोळ्याला पदर लावून म्हणाली.

साखरबाईंना खरोखरच रडू फुटलं. दोन वर्षं त्यांनी त्या पोराचं कौतुक गावभर सांगितलं होतं.

"गुणी व्हतं," त्या म्हणाल्या, "पन एकदा घरी जेवाया आलं न्हाई." आणि त्यांनी पहिली भाकरी सत्यजीतच्या ताटात वाढली. त्यानं त्यातली अर्धी मोडून आईच्या हातात दिली. तेजश्री ते बघत होती.

आण्णांनी हात धुतले आणि रीतीचं बोलणं काढलं. घरात मयत झालंय, तेव्हा पोराचं लग्न वर्षाच्या आत उरकायला हवं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल. पोपटराव पुन्हा चपलांकडं बघू लागले.

"वर्स कशाला, आप्पा," तेजश्री बापाला म्हणाली, "ही भेंडी सरली की करू." आणि तिनं साखरबाईंकडं आणखी अर्धी भाकरी मागितली.